हाडांची उलाढाल आणि बाजाराची उलाढाल

हाडे ठिसूळ होण्याचा विकार हा खाऊनपिऊन सुखी असलेल्या म्हाताऱ्यांचा विकार आहे, अशी एक समजूत आपल्या चळवळीत घर करून बसली आहे. क्षय, हिवताप, कावीळ, पंडुरोग हे गरिबांचे रोग. आणि ही ‘ऑस्टिओपोरोसिस’ नावाची भानगड ठाण्याच्या नौपाड्यातील व डोंबिवलीच्या फडके रोडवरील मंडळींची, अशी सोयीस्कर वाटणी आपण केव्हाच करून टाकली आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की खाटा किती, डॉक्टर किती, औषधे आहेत की नाहीत, येथवर चर्चा येते आणि थांबते. हाडांवरील औषध लागू पडते आहे की नाही हे रक्ताच्या तपासणीने तीन महिन्यांत कळू शकते, आणि ती तपासणी कोणाच्या हाती असावी हा राजकीय प्रश्न आहे, असे कोणी म्हणाले तर आपल्यातलेच काही साथी ते हसण्यावारी नेतील. त्या हसण्याला उत्तर देण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

ही समजूत खोटी असल्याचा पुरावा २००५ सालीच प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्प उत्पन्न गटातील ३० ते ६० वयाच्या २८९ स्त्रियांची हाडे तपासली. या स्त्रियांच्या रोजच्या जेवणातून पोटात जाणारे कॅल्शियम सरासरी २७० मिलिग्रॅमच्या घरात होते, आणि मांडीच्या हाडाच्या मानेपाशी, म्हणजे खुब्यात नेमके जिथे हाड मोडते तिथे, सुमारे २९ टक्के स्त्रियांची हाडे ऑस्टिओपोरोसिसच्या पायरीला पोचलेली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी रोज १००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. शिफारस एका बाजूला आणि घरात सर्वांत शेवटी जेवणारीचे ताट दुसऱ्या बाजूला! माणसाच्या हाडांची पुंजी तिशीच्या आसपास पूर्ण होते. पुढे तिच्यातून खर्चच व्हायचा असतो. जिची पुंजीच मुळात अपुरी जमली, तिचे दिवाळे पाश्चात्त्य देशांतील स्त्रीच्या मानाने कितीतरी वर्षे आधी निघावे, यात नवल कसले?

कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत राहून डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी करणारी पंचावन्न वर्षांची बाई डोळ्यांसमोर आणा. ओल्या फरशीवर तिचा पाय घसरतो आणि टेकलेले मनगट मोडते. सरकारी दवाखाना असो की खासगी, तिला प्लास्टर घातले जाते, सहा आठवड्यांनी ते कापले जाते, आणि केस पेपर बंद होतो. उभ्या उंचीवरून नुसते पडल्याने मनगट का मोडले, हे बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही. वस्तुतः असे मोडलेले मनगट ही पुढे मोडणाऱ्या मणक्याची आणि खुब्याची आगाऊ नोटीस असते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचातला एक वर्षभरात दगावतो, हा जगभरचा अनुभव आहे; जे वाचतात त्यांतील अनेकांना पुन्हा आधाराशिवाय चालता येत नाही. आणि ही नोटीस ज्या बाईला मिळाली, तिला वाचता येणार नाही अशाच लिपीत ती लिहिलेली असते.

बाजाराला मात्र ती लिपी उत्तम वाचता येते. महिलादिन जवळ आला की स्टेशनाबाहेर तपासण्यांच्या ‘पॅकेज’चे फलक झळकू लागतात. रक्ताच्या एका नळीत साठ-सत्तर आकडे. त्यांच्या शेपटाला कॅल्शियम, ‘व्हिटॅमिन डी’. आणि आणखी काही पैसे टाकले तर हाडांच्या उलाढालीचे निर्देशकसुद्धा. दुसरीकडे मंडळाच्या मंडपात, कुठल्या तरी पुढाऱ्याच्या हसऱ्या छायाचित्राखाली, ‘मोफत अस्थितपासणी शिबिर’ भरते. टाच एका यंत्रात घालायची, यंत्र एक आकडा ओकते, आकडा तांबड्या रकान्यात पडला की बाईच्या हातावर कॅल्शियमच्या गोळ्यांचे पाकीट ठेवायचे. टाचेवरील हे ध्वनिलहरींचे यंत्र औषधोपचाराचा परिणाम मोजण्यासाठी नाहीच. पण मंडपातल्या कोणाला उपचाराशी कर्तव्य असते?

येथे थोडे थांबून ही तपासणी म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. ज्या वस्तूचे कार्य ठाऊक नाही, तिच्या मालकीविषयी आपण भांडू शकत नाही.

हाड हा दगड नव्हे. डोंबिवलीच्या रस्त्यांप्रमाणे ते सदैव खोदले जात असते आणि बुजवले जात असते. फरक इतकाच, की निसर्गाच्या या खात्यात खोदणारी आणि बुजवणारी टोळी एकमेकींच्या पाठोपाठ चालतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा नव्याने बांधला जातो. खोदणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, भरणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. रजोनिवृत्तीनंतर खोदणाऱ्या टोळ्यांची संख्या वाढते, भरणाऱ्या मागे पडतात आणि रस्त्याची चाळण होते. हाडांची घनता मोजणारे डेक्सा यंत्र आज रस्त्याची स्थिती काय आहे एवढेच सांगते. काम कोणत्या गतीने चालले आहे हे त्याला दिसत नाही. औषधाने घनतेत पडणारा फरक इतका थोडा असतो, की तो यंत्राच्या चुकीच्या मर्यादेबाहेर यायला वर्ष-दोन वर्षे जावी लागतात. तोवर बाई गोळी घेते आहे की नाही, घेतली तर ती अंगी लागते आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही.

हा मार्ग रक्तातून जातो. हाड खोदले जाताना त्यातील कोलाजेन या प्रथिनाचा जो राडारोडा रक्तात येतो, त्यातील एका तुकड्याला सीटीएक्स म्हणतात. उलट नवे कोलाजेन बसवताना त्याच्या टोकाचा जो भाग कापून टाकला जातो, तो म्हणजे पी१एनपी. सिमेंटच्या गोणीचे कापलेले तोंडच म्हणा ना. एकावरून खोदकामाची गती कळते, दुसऱ्यावरून भरणीची. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळींनी २०११ साली अनेक निर्देशकांतून हे दोन मानदंड म्हणून निवडले. पुढे २०१७ साली इंटरनॅशनल ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशन आणि युरोपातील एक संशोधक संस्था यांच्या कार्यगटाने एक साधी रीत सुचवली. गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. पी१एनपी ३८ टक्क्यांहून किंवा सीटीएक्स ५६ टक्क्यांहून अधिक उतरले असेल, तर गोळी पोटात गेली आहे आणि काम करते आहे. तेवढे उतरले नसेल, तर बाईला विचारा. पहिला प्रश्न गोळीबद्दल. संशय तिच्यावर नंतर.

हे आकडे कशासाठी सांगितले? दोन्ही वेळचे आकडे शेजारी ठेवल्याखेरीज या तपासणीला अर्थच येत नाही, हे ध्यानी यावे म्हणून. पॅकेजमध्ये एकदाच मोजलेला एकटा आकडा ऑस्टिओपोरोसिसचे निदान करू शकत नाही. त्यासाठी तो नाहीच. नुकतेच हाड मोडले असेल तर हे निर्देशक कित्येक महिने चढलेले राहतात. मूत्रपिंड दुबळे असेल तर सीटीएक्स साचून राहते. सीटीएक्स पहाटे चढते आणि दुपारपर्यंत उतरते, जेवणाने तर आणखीच उतरते. म्हणून त्याचा नमुना सकाळी आठ-दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी आणि दोन्ही वेळा एकाच प्रयोगशाळेत घ्यावा लागतो. घरोघरी हिंडून दुपारी तीनला नळी भरणाऱ्या दुकानदाराने यातले काय पाळले? न पाळताही बिल होतेच, आणि अहवालावर रंगीत रकाने उमटतातच. गोळी सुरू झाल्यावर खोदकाम मंदावते तशी पाठोपाठ भरणीही मंदावते, म्हणून पी१एनपी उतरणे हे गुण येत असल्याचे लक्षण होय. परंतु अहवालात ‘हाडांची निर्मिती कमी’ असे छापलेले वाचून घाबरलेली बाई गोळी बंद करते. रीतीने वापरले तर जे साधन उपचार टिकवते, तेच बाजारात उपचार मोडते.

आता आपल्या दृष्टीने कळीच्या मुद्द्याकडे येऊ. सकाळी आठ ते दहा, उपाशीपोटी, अशी सीटीएक्सची अट. आमच्या कोळसेवाडीच्या बाईचे हे दोन तास म्हणजे तिची पहिली दोन घरे. ती खाडा करील तर पगार कापला जाईल. पहाटेची लोकल गाठणारी, कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारी, भाजी विकणारी, कोणालाच हे दोन तास मोकळे नाहीत. याउलट पी१एनपीवर जेवणाचा परिणाम होत नाही, दिवसाच्या प्रहरांनी तो फारसा हलत नाही, आणि त्याचा नमुना बराच टिकाऊ असल्याने कल्याणहून दूरच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत पाठवता येतो. म्हणजे बाई संध्याकाळी काम आटोपून, पोटात चार घास असताना आली तरी चालते. कोणता निर्देशक निवडावा, हा शुद्ध शास्त्राचा प्रश्न आहे असे कोणी सांगू लागला तर त्याला विचारावे, शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही चालत असतील तर निवड कोणाच्या घड्याळाप्रमाणे करायची? सार्वजनिक रुग्णालयात पी१एनपी हवे आणि त्याचा नमुना घेणारी खिडकी संध्याकाळीही उघडी हवी, ही मागणी आपण केली पाहिजे. दुसरे कोणी ती करणार नाही, कारण दुसऱ्या कोणाला या बाईची वेळ ठाऊक नाही.

याहून जुना आणि स्वस्त असाही एक निर्देशक आहे, त्याची आठवण कोणी करून देत नाही, कारण त्यात पैसा नाही. अल्कलाइन फॉस्फेटेज ही चाचणी साध्या प्रयोगशाळेतही होते. यकृत निरोगी असेल तर तिचा चढलेला आकडा हाडांतील गडबड दाखवतो. आपल्याकडे याचे महत्त्व विशेष. दाटीवाटीच्या चाळींत आणि एकमेकांना टेकलेल्या इमारतींत दिवस काढणाऱ्या, अंगावर ऊन न पडणाऱ्या स्त्रियांत ‘ड’ जीवनसत्त्वाचा अभाव फार. त्यातून हाडे मऊ पडतात. डेक्सा यंत्रावर ही मऊ हाडेही विरळच दिसतात, आणि त्यांना ऑस्टिओपोरोसिस समजून जोरदार औषध टोचले तर रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीला उतरू शकते. अशा बाईला आधी हवे असते ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, हे ठाणे जिल्ह्यातल्या आपल्या आजीबाईंना आकडा न कळता ठाऊक होते. केंद्र सरकारने २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून मोठ्या गाजावाजाने साजरे केले. परदेशी पाहुण्यांच्या ताटात नाचणी वाढली गेली, हे ठीक झाले.

औषधाविषयी बोलायचे तर मुख्य गोळी महाग नाही, आणि ती महाग नाही यामागे राजकारण आहे. अलेंड्रोनेट या औषधाला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. भारतात त्या वेळी १९७० चा पेटंट कायदा लागू होता. औषधाच्या वस्तूवर मक्तेदारी नव्हती, फक्त बनविण्याच्या प्रक्रियेवर होती, म्हणून देशी कंपन्यांना ते स्वस्तात बनवता आले. २००५ साली हा कायदा बदलला. तत्पूर्वी तीस वर्षे, १९७५ साली, हाथी समितीने औषधे व्यापारी नावांऐवजी मूळ नावांनी विकावीत, औषधनिर्मितीत सार्वजनिक क्षेत्राला अग्रस्थान द्यावे, असे सांगून ठेवले होते. तो अहवाल आज कपाटात आहे आणि आठवड्याला एक घ्यावयाची ही गोळी अजूनही बहुतेकांना व्यापारी नावाने, व्यापारी किमतीला घ्यावी लागते. तरीही ती आवाक्यातली आहे. अडचण निराळीच आहे. ही गोळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे नाही. नाही तर ती अन्ननलिका जाळते किंवा अंगी लागत नाही. चहाबरोबर घेतली तर फुकट. शिवाय ती घेऊन बरे वाटत नाही, कारण आधी दुखतही नव्हते. जगभर सुमारे निम्मे रुग्ण वर्षाच्या आत ती सोडून देतात.

यावर इंग्लंडातील शेफील्ड येथे झालेला एक प्रयोग आपण मुद्दाम ध्यानात ठेवावा. २००४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाडांसाठी औषध सुरू केलेल्या स्त्रियांचे तीन गट केले. एका गटाची वाटेत कोणी विचारपूस केली नाही, दुसऱ्याची परिचारिकेने केली, तिसऱ्याला परिचारिकेने निर्देशकांचे आकडेही दाखवले. विचारपूस झालेल्या स्त्रियांनी औषध कितीतरी अधिक नेमाने घेतले. आणि आकडे दाखविल्याने? परिचारिकेच्या वर त्याने काही भर पडली नाही! बाजाराने हा निष्कर्ष कोणत्याही फलकावर छापलेला नाही. बाईला औषधावर टिकवले ते ‘कशी आहेस, गोळी कशी घेतेस, पोटात जळजळते का’ असे विचारणाऱ्या माणसाने. मग तपासणी निरुपयोगी ठरते काय? नाही. बाई म्हणते घेते, डॉक्टर म्हणतात घेत नाही, या वादात रक्ताचा आकडा बाईच्या बाजूने साक्ष देऊ शकतो. औषध आतड्यातून शोषले जात नाही, किंवा हाडांच्या मागे दुसराच कुठला विकार आहे, हे दाखवू शकतो. आणि तीन महिन्यांनी तिला पुन्हा बोलावण्यास निमित्त देतो. परिचारिकेसह तपासणी हवी. परिचारिकेवाचूनची तपासणी हीच आज स्टेशनाबाहेर विकली जाते.

गोळीपेक्षा भारी औषधांचा प्रकार अधिक गंभीर आहे. टेरिपॅराटाइड हे रोज टोचावयाचे औषध भरणाऱ्या टोळीला जोर देते. तेथे पी१एनपी चढणे हे गुणाचे लक्षण. डेनोसुमॅब ही सहा महिन्यांतून एकदा टोचण्याची सुई खोदकाम जवळजवळ थांबवते. दोन्हींच्या देशी प्रती निघाल्या असल्या तरी गरिबाच्या दृष्टीने त्या महागच. डेनोसुमॅबची खोड अशी, की पुढची सुई चुकली तर दडपलेले खोदकाम उसळून येते, सीटीएक्स पूर्वीपेक्षाही वर जाते आणि एकामागून एक मणके दबू शकतात. आता विचार करा. मुलाने बोनसच्या पैशातून आईला एक सुई दिली. पुढच्या खेपेला त्याची कंत्राटी नोकरी गेलेली. सुई चुकते. ज्या औषधाने आईला वाचवावयाचे, त्याच्या अर्धवटपणाने तिची पाठ मोडते. हे औषध थांबवायचेच तर लगेच दुसरे, बिस्फॉस्फोनेट जातीचे औषध देऊन ती उसळी दाबावी लागते आणि निर्देशकांवर लक्ष ठेवावे लागते. पहिली सुई टोचण्यापूर्वी ‘दुसरी, तिसरी, चौथी कोण देणार’ हा प्रश्न विचारला जात नसेल, तर तो उपचार नव्हे, उधारीचा सौदा आहे. आपल्या ओळखीच्या प्रत्येक कुटुंबाला कार्यकर्त्यांनी हा एक प्रश्न तरी शिकवावा.

शासन काय करते? महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा विस्तार २०२३ मध्ये जाहीर झाला आणि पाच लाखांपर्यंतचे संरक्षण राज्यातील सर्व कुटुंबांना मिळेल असे सांगण्यात आले. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांची आहे. खुबा मोडून बाई शस्त्रक्रियेच्या टेबलावर आली की सरकारी तिजोरीतून पैसे निघतात, आणि अनेकदा ते खासगी रुग्णालयाच्या खात्यात जमा होतात. तो खुबा मोडू नये म्हणून आठवड्याची गोळी, तीन महिन्यांची तपासणी आणि परिचारिकेची विचारपूस या योजनेच्या पुस्तकात बसत नाही. मोडलेल्या हाडाला किंमत आहे, न मोडलेल्याला नाही, हे नफ्याचे तत्त्व शासनाने जसेच्या तसे उचलले आहे. डॉक्टर आणि प्रयोगशाळा यांच्यातील दलालीला आळा घालण्यासाठी २०१७ साली राज्यात ‘कट प्रॅक्टिस’विरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला होता. त्याचा कायदा होण्याची वाट पाहताना किती पॅकेजे खपली, हे मोजण्यासाठी अजून निर्देशक निघालेला नाही.

कामगार राज्य विम्याचा हक्क असलेल्यांनी तर डोळे उघडे ठेवावेत. पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःला व जोडीदाराला वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. वागळे इस्टेटमध्ये हयात घालवलेल्या कितीजणांच्या बायकांना हे माहीत आहे? युनियनच्या कचेऱ्यांनी निवृत्तीच्या समारंभात नारळ आणि शालीबरोबर हा फॉर्मही हातात दिला तर बिघडेल काय? घरकामगार बाईला मात्र तोही आधार नाही. तिच्यासाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण मंडळाने मनगट जुळत नाही.

आता आपल्याच साथींच्या आक्षेपाकडे वळू. ते म्हणतात, कळव्याच्या ज्या महापालिका रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये एका दिवसात अठरा रुग्ण दगावले, तिथे तुम्ही हाडांच्या उलाढालीच्या तपासण्या मागता? आधी खाटा मागा, ऑक्सिजन मागा, डॉक्टर मागा. या आक्षेपात संताप खरा आहे, म्हणून त्याला उडवून लावता येणार नाही. परंतु त्यातील तर्क तपासून पाहा. खुबा मोडलेली बाई आठवडे-आठवडे जी खाट अडवते, ती याच रुग्णालयातली. तिची सोबत करणारी सून जो रोजगार बुडवते, तो याच वस्तीतला. एका मोडलेल्या मनगटानंतर गोळी सुरू झाली असती तर ती खाट मोकळी राहिली असती. खाटा मागायच्या आणि खाटेवर येणाऱ्यांची रांग मात्र वाढू द्यायची, हा कोणता समाजवाद? दुसरे असे, की ‘आधी हे, मग ते’ ही भाषा आपली नव्हे. नगरविकास खात्याने आणि त्याच्या प्रशासकांनी ती आपल्याला शिकवली. कल्याण-डोंबिवलीत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून पुढची काही वर्षे नगरसेवकच नव्हते, महापालिकांचा कारभार प्रशासक हाकत होते. तेव्हा आरोग्याचा जाब विचारायला सभागृहच उरले नव्हते. मागण्या आखडत्या घेण्याची सवय आपल्याला तेव्हा लागली असावी.

दुसरा आक्षेप काही डॉक्टर मित्रांचा. ते म्हणतात, या बायका गोळी घेतच नाहीत, मग तपासून काय उपयोग? गोळी कशी घ्यायची हे अर्ध्या मिनिटात सांगून पुढच्या रुग्णाला हाक मारायची, आणि मग घेतली नाही म्हणून दोष तिला द्यायचा! ग्लासगोच्या सरकारी रुग्णालयांत विसाव्या शतकाच्या अखेरीस एक साधी व्यवस्था सुरू झाली. पन्नाशीनंतर हाड मोडून आलेल्या प्रत्येकाची नोंद एका परिचारिकेने करायची, हाडांची तपासणी करवून घ्यायची, औषध सुरू करायचे आणि पाठपुरावा ठेवायचा. पुढे ती पद्धत अनेक देशांनी उचलली. त्यात शोध कसला? एक वही आणि वही सांभाळणारी एक बाई. कळवा, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर या तीन रुग्णालयांच्या प्लास्टर खोलीच्या दाराशी अशी एकेक वही आणि एकेक परिचारिका ठेवायला किती कोटी लागतील? वस्तीत विचारपूस करायला आशा सेविका आहेत, पण २०२३-२४ च्या हिवाळ्यात मानधनासाठी त्यांना राज्यभर संप करावा लागला. त्यांच्या डोक्यावर आणखी एक फुकटचे काम टाकून ही योजना होणार नाही. कामाचे दाम मोजूनच ती व्हायला हवी.

राज्य आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत करण्याचा निर्णय १५ ऑगस्ट २०२३ पासून अमलात आला. महापालिकांची रुग्णालये त्या निर्णयाच्या कक्षेबाहेर राहिली. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या रहिवाशांना मात्र महापालिकेचे दारच जवळचे. तेव्हा लढ्याची जागा ठरलेली आहे. पन्नाशीनंतर हाड मोडलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाची नोंद, आठवड्याची गोळी मोफत, गोळीआधी अल्कलाइन फॉस्फेटेज आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची खातरजमा, आणि तीन महिन्यांनी पी१एनपी, संध्याकाळच्या खिडकीवर: एवढेच मागायचे आहे.

त्यासाठी मोर्च्याआधी एक काम करावे लागेल. प्रत्येक प्रभागातील कार्यकर्त्यांनी, विशेषतः महिला कार्यकर्त्यांनी, येत्या महिन्यात आपापल्या वस्तीत फिरावे आणि गेल्या दोन वर्षांत ज्यांचे मनगट, मणका किंवा खुबा साध्या पडण्याने मोडला अशा पन्नाशीपुढील स्त्रियांना भेटावे. प्लास्टर काढल्यावर हाडांसाठी कोणी गोळी दिली का, दिली असल्यास ती चालू आहे का, आणि नंतर कोणी बोलावले का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. ज्या बाईची संमती असेल तिचेच नाव लिहावे, बाकीच्यांची नुसती संख्या. ही यादी वैद्यकीय अधीक्षकांच्या टेबलावर ठेवून पोच घ्यावी, आणि बरोबर तीन महिन्यांनी तीच यादी घेऊन पुन्हा त्यांच्याकडे जावे.